रिकामी पट्टी आणि मेडिकलची वही

मालेगावात तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’. नावे गल्लीतली, पण गोळ्या कारखान्यातल्या. अल्प्राझोलम ही घबराटीच्या आजारावरची, नायट्राझेपाम झोपेची. ही नशा गांजासारखी शेतात उगवत नाही. तिच्या पट्टीवर बॅच नंबर छापलेला असतो. म्हणजे ती कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, हे कागदावर दिसायला हवे. जिथे ते दिसत नाही, तिथे आपली पोरे वाया जातात.

नियम नाहीत असे नाही. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू आहे. सुरुवातीच्या ४६ औषधांत या दोन्ही गोळ्या आहेत, शिवाय ट्रामाडॉल आणि कोडीनही. अशा पाकिटावर लाल चौकट असते. दुकानदाराने डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे विकतानाच वेगळ्या वहीत लिहायचे. ती वही ३ वर्षे ठेवायची. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे आणि दिल्याची तारीख चिठ्ठीवर टाकायची.

आमच्या परतूरला काय दिसते? कित्येक जण मेडिकलवर चिठ्ठी नेतच नाहीत, रिकामी पट्टी नेतात. ‘हीच द्या’ म्हटले की काम होते. आजीच्या झोपेच्या गोळ्या आणायला नातू जातो. घरी किती पोहोचल्या, हे कोण मोजतो?

यावर दुकानदार विचारतात, खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाने दर महिन्याला डॉक्टरची फी आणि गाडीभाडे कुठून आणायचे? प्रश्न खरा आहे, पण उत्तर नियमातच आहे. ‘दर महिन्याला, तीन वेळा’ असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले, तर तेवढ्या वेळा औषध देता येते. एका ओळीने म्हाताऱ्याचा हेलपाटा वाचतो आणि नातवाची वाटही बंद होते. ती ओळ लिहायला डॉक्टरांना सांगणे, हे आपले काम.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत (२:२८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. पैशाच्या बाबतीत एवढी काळजी, तर माणसाच्या अकलेवर पडदा टाकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत किती हवी? जुम्याच्या बयानात नशा हराम असल्याचे आपण ऐकतो. पण मेडिकलवाला वहीत नाव विचारतो, तेव्हा आपल्यालाच राग येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वहीत नाव आले म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. मनाच्या आजारावर औषध घेणारा रुग्णच असतो, आणि ज्याला गोळीची सवय लागली तोही. त्याला हिणवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि पुढच्या वेळी मेडिकलवर जाताना रिकामी पट्टी नको, चिठ्ठी न्या.