दाढेचा ठणका थांबला, उपचार थांबू नये

रूट कॅनॉल झाले, ठणका थांबला आणि माणूस कामाला लागला. हैदराबादच्या अफजलगंजमधले, १९५९ साली सुरू झालेले सरकारी दंत महाविद्यालय असो की नांदेड-लातूरकडच्या गावातला एका खुर्चीचा दवाखाना, अनेकांच्या दाढेचा उपचार इथेच संपतो. ‘आता कॅप बसवून घ्या’ असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. पण दुखत नसलेल्या दाढेवर आणखी काही हजार रुपये कशाला घालायचे, असा प्रश्न घरात पडतो आणि कॅप पुढच्या महिन्यावर, मग पुढच्या दिवाळीवर ढकलली जाते. त्यात हैदराबादच्या ज्युबिली हिल्स, बंजारा हिल्सच्या रस्त्यांवर ‘स्माइल डिझाइन’च्या पाट्या दिसतात, आणि कॅप म्हणजे पैसेवाल्यांची हौस हा समज पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. रूट कॅनॉल केलेल्या दाढेची कॅप हा त्याच उपचाराचा उत्तरार्ध आहे. ज्या सरकारी व्यवस्थेने पूर्वार्ध पार पाडला, तिनेच उत्तरार्धही पार पाडायला हवा.

दाढ तुटते कशी, ते आधी पाहू. कीड काढताना आणि नसेपर्यंत वाट करताना दाढेचे छप्पर जाते. उरतात त्या पातळ भिंती. जोर लावून चावताना पहिल्या दाढेवर पन्नास किलोहून अधिक भार येऊ शकतो. तो भार या भिंतींना बाहेर रेटतो, आणि एखाद्या दिवशी संक्रांतीच्या कडक सकिनालूवर किंवा भाजलेल्या शेंगदाण्यावर एक भिंत उभी चिरते. चीर मुळात उतरली की दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही, आणि आधीच्या रूट कॅनॉलवरचा खर्च, वेळ, डॉक्टरांचे श्रम सारे वाया जाते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, ती चाक सजवण्यासाठी नव्हे, लाकूड फाकू नये म्हणून. कॅपचे काम नेमके तेच आहे. अमेरिकेत अ‍ॅक्विलिनो आणि कॅपलन यांनी २००२ मध्ये रूट कॅनॉल झालेल्या दातांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात कॅप नसलेले दात कॅप असलेल्यांच्या सहापट दराने गमवावे लागल्याचे दिसले. त्याआधी १९८४ मध्ये सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी अशाच १,२७३ दातांची पाहणी केली होती. दाढा आणि उपदाढांना कॅपचा फायदा स्पष्ट होता. पुढच्या दातांना तो तसा आढळला नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येईल, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कॅप लावणारे रुग्ण मुळातच दातांची जास्त काळजी घेणारे असू शकतात, मग श्रेय कॅपचे कसे? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली, ११७ जणांची, आणि पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. पण त्या चाचणीत दात होते ते उपदाढा, पाठपुरावा होता तीन वर्षांचा. चाळिशीत रूट कॅनॉल झालेली मोठी दाढ सत्तरीपर्यंत टिकावी अशी अपेक्षा असते. तिच्याबद्दल तीन वर्षांचा हिशेब फारसे काही सांगत नाही. या आक्षेपातून मी घेतो ते एवढेच: कॅप सरसकट नको. दाताच्या भिंती शाबूत असतील, छिद्र लहान असेल, तर चांगले फिलिंग पुरते. चकाकीसाठी निरोगी दातावर कॅप चढवणे तर नुकसानच, कारण त्यासाठी दात मिलिमीटर-दीड मिलिमीटर कोरावा लागतो आणि कोरलेले इनॅमल पुन्हा कधीच येत नाही. खासगी दवाखान्यांत गरज नसताना कॅप माथी मारली जाते, अशी तक्रार लोक करतात. ती खरी असेल तिथे उपाय हाच, की ज्याची कमाई कॅपच्या संख्येवर अवलंबून नाही असा डॉक्टर रुग्णाला उपलब्ध असावा. म्हणजे पुन्हा सरकारी दंत रुग्णालयच.

दाढ काढून टाकणे सगळ्यांत स्वस्त, हे खरे. पण ती स्वस्ताई त्या दिवसापुरती असते. रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरचा दात वर्षागणिक खाली उतरतो, अन्न अडकते, नवी कीड धरते. एकेक दाढ गेलेला म्हातारा भाकरी कालवणात कुस्करून खातो, मग भाजी सोडतो, डाळी-दाणे सोडतो. ‘वयच झाले’ म्हणून घरचेही ते सोडून देतात.

प्रतिबंध आधी, कॅप नंतर, असे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक म्हणतात. साखर कमी करणे आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे याला पर्याय नाही, हे मान्यच. पण हैदराबादपासून शंभरेक किलोमीटरवरच्या नलगोंडा जिल्ह्याकडे पाहा. तिथल्या भूजलातल्या अति फ्लोराइडने पिढ्यांच्या दातांवर डाग आणि खड्डे पडले, हाडे वाकली. तुरटी आणि चुन्याने पाणी शुद्ध करण्याची नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेची पद्धत याच जिल्ह्याच्या नावाने जगभर ओळखली जाते. २०१६ पासून तेलंगणाच्या मिशन भगीरथ योजनेतून नदीचे पाणी घरोघर येऊ लागले, आणि हे मोठे काम झाले. मात्र इनॅमल घडते ते साधारण आठव्या वर्षापर्यंत. स्वच्छ पाण्याने आजच्या बाळांचे दात वाचतील. तीस वर्षांच्या मजुराचे झिजलेले, तुकडे उडालेले दात त्याने भरून येणार नाहीत. महाराष्ट्रातल्या यवतमाळ, चंद्रपूर, किनवटच्या फ्लोराइडग्रस्त गावांनाही हेच लागू आहे.

उरतो पैशाचा प्रश्न. तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये आरोग्यश्री या सरकारी आरोग्य योजनेची मर्यादा ५ लाखांवरून १० लाखांवर नेली. पण या योजनेची रचना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती आहे, आणि खासगी आरोग्य विमाही अपघात सोडला तर दातांचा नेहमीचा खर्च सहसा उचलत नाही. जबडा मोडला तर योजना धावते, दाढ हळूहळू मोडली तर ती रुग्णाची खासगी बाब ठरते. इंग्लंडमध्ये सरकारी सेवेतल्या दंतवैद्याकडे कॅप (क्राउन), ब्रिज, कवळी यांचा एकच ठरलेला दर असतो; एप्रिल २०२५ मध्ये तो ३२६.७० पौंड होता. तिथेही सरकारी दंतवैद्य मिळण्याची मारामार आहे. तरी कॅप हा उपचार आहे हे त्या व्यवस्थेला वेगळे पटवावे लागत नाही. उपचारावर सरकारी खर्च ही कल्पना हैदराबादलाही नवी नाही. अफजलगंजच्याच जुन्या रुग्णालयात डॉ. एडवर्ड लॉरी काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १८८८-८९ मध्ये निजामाच्या पैशावर भुलीच्या क्लोरोफॉर्मचे प्रयोग झाले. निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले, पण शस्त्रक्रियेच्या वेदना ही राज्याने खर्च करावा अशी गोष्ट आहे, हे त्या काळी इथे मान्य झाले होते. वेदना थांबल्यानंतरची दाढही त्याच खर्चात यायला हवी.

यासाठी महागडी झिर्कोनियाची कॅप लागत नाही. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप वर्षानुवर्षे पुरते. अडचण दुसरीच आहे: दंत महाविद्यालयांत रूट कॅनॉलचा विभाग वेगळा, कॅप आणि कवळीचा वेगळा. एकातून सुटलेल्या रुग्णाला दुसऱ्यात नव्याने रांग लावावी लागली, तर नांदेडहून रात्रीच्या गाडीने आलेला, दिवसाची मजुरी बुडवलेला माणूस पुन्हा येणे अवघड. रूट कॅनॉलच्या केसपेपरवरच कॅपचे माप घेण्याची तारीख पडावी, कॅपचा लॅबखर्च आरोग्यश्रीतून थेट भागवला जावा, आणि वर्षअखेर किती रूट कॅनॉल झाली या आकड्याशेजारी त्यांतल्या किती दाढांवर कॅप बसली हा आकडाही रुग्णालयाने जाहीर करावा.