बास मासा तळाशी नसतो

‘ऑगस्टच्या उन्हात बास सर्वांत खोल पाण्यात जातो’ हे गेल्या अंकातील लेखाचे विधान अर्धेच खरे आहे. टेक्सासमधील लेक फोर्कसारख्या जलाशयात तेव्हा पाण्याचे थर पडतात: वर उबदार, खाली गार. खालच्या थरापर्यंत हवेतला प्राणवायू पोहोचत नाही आणि असलेला तळाच्या कुजण्यात संपतो. तिथे बास टिकत नाही, मग आमिष कितीही महागडे असो.

सोनारच्या पडद्यावर या दोन थरांमधली सीमा धूसर आडव्या रेघेसारखी दिसते. गळ टाकायचा तो तिच्या वर, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या सोंडेवर किंवा बुडालेल्या उंचवट्यावर. भर दुपारी तिथे खोल जाणारा क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) किंवा शिशाच्या वजनासह संथ ओढलेले प्लॅस्टिकचे गांडूळ चालते. गळाचे टोक गांडुळातच दडवले, तर ते बुडालेल्या झाडांत सहसा अडकत नाही.

पहाटेचे गणित वेगळे. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढावा. मात्र पाणी उसळताच झटका देण्याची घाई नडते. माशाचे वजन हाताला जाणवेपर्यंत थांबावे. सप्टेंबरात शॅड माशांच्या झुंडी ओढ्यांच्या मुखांकडे सरकू लागतात, बासही मागोमाग जातो. लेखातील ‘तळ गाठा’ हा सल्ला अशा जलाशयांसाठी तरी वाचकांनी बाजूला ठेवावा.