जादूगाराने नाव कोणते घ्यावे?

आपले नाव आपणच ठेवण्याची संधी फार थोड्या माणसांना मिळते. कवी, नट आणि जादूगार हे त्यांतले. गेली तीन वर्षे पत्ते, दोरी आणि रुमाल यांच्याशी झटापट केल्यावर आता मी गणेशोत्सवात आणि हळदीच्या मांडवात अर्ध्या तासाचा प्रयोग करू लागलो आहे. लवकरच बॅनरवर नाव घालावे लागणार, म्हणून सल्ल्यांचा पाऊस पडतो आहे. कोणी म्हणतो ‘मिस्टर मिस्टिक’, कोणी म्हणतो ‘जादूसम्राट’ लाव, सुपारी वाढेल. या सगळ्या सल्ल्यांमागे एकच प्रश्न दडलेला असतो : मानकोलीच्या पोराला बघायला कोण येणार?

परक्या मुलखाचे नाव घेतले की जादू अधिक खरी वाटते, ही समजूत जुनी आहे. पंजाबातले धनपतराय गोगिया हे ‘गोगिया पाशा’ झाले आणि मिसरी थाटाचा पोशाख चढवून त्यांनी देशभर नाव मिळवले. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन जादूगाराने तर ‘चुंग लिंग सू’ हे चिनी सोंग घेतले. ‘चिंग लिंग फू’ हा अस्सल चिनी जादूगार त्या काळी गाजत होता, त्याचीच ही नक्कल. सोंग उघडे पडू नये म्हणून रॉबिन्सन रंगमंचावर इंग्रजी बोलतच नसे. २३ मार्च १९१८ रोजी लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग फसला, गोळी खरोखरच छातीत शिरली, आणि प्रेक्षकांना त्याचे इंग्रजी शब्द प्रथमच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी तो वारला. स्वतःच्या भाषेत बोलायला ज्याला मरणाची वाट पाहावी लागते, त्याचे नाव कितीही गाजो, मला त्याचा हेवा वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, हुडिनीचे नावही उसनेच होते! खरे आहे. एरिक वाइस या हंगेरीत जन्मलेल्या मुलाने रॉबेर-हूदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावाला ‘ई’ जोडून आपले नाव बनवले. पण १९०८ मध्ये याच हुडिनीने त्याच रॉबेर-हूदँचे दोष दाखवणारे पुस्तक लिहिले. उसने घेतलेल्या नावाचे ओझे त्यालाही जाणवले असावे, असे मला वाटते.

‘सम्राट’, ‘महाराजा’ या पदव्यांबद्दल काय बोलावे! नाव मोठे लक्षण खोटे, ही म्हण प्रेक्षक मनात धरूनच बसतो. पत्ता हातातून निसटला, की सम्राटाची फजिती साध्या माणसाच्या दुप्पट होते.

याउलट आपल्या जवळची उदाहरणे पाहा. पी. सी. सरकार म्हणजे प्रतुलचंद्र सरकार. त्यांनी आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तेवढे बदलले, कारण तसे लिहिले की ते जादूगार या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे दिसते. नाव मात्र बंगालीच राहिले. आणि आपले जादूगार रघुवीर! पुणे जिल्ह्यातल्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४). त्यांनी बॅनरवर आईबापांनी ठेवलेले नाव तेवढे ठेवले. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ‘रघुवीर’ हेच आडनावासारखे लावले. नाव आधी मोठे नव्हते, प्रयोगांनी मोठे झाले.

आडनाव गाळण्यात मला आणखी एक गुण दिसतो. आपल्याकडे आडनाव ऐकले, की ऐकणारा मनातल्या मनात जातीचा हिशेब मांडू लागतो. जादूच्या मांडवात तो हिशेब कशाला हवा? तिथे सर्वांनी एकाच वेळी ‘अरेच्चा!’ म्हणावे, इतकेच पुरे.

गाव मात्र लपवू नये. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले आणि त्या लहानशा गावाचे नाव घराघरांत पोहोचले. ‘कर’ हा एक प्रत्यय मराठी माणसाला मिळालेली फार मोठी सोय आहे. आमचे मानकोली आज मुंबई-नाशिक महामार्गावरच्या गोदामांमुळे ठाऊक आहे. ते नाव खोक्यांवर आणि ट्रकच्या चिठ्ठ्यांवर छापले जाते. मित्र हसून म्हणतात, ‘जादूगार मानकोलीकर’ हे नाव पार्सलवर शोभेल! शोभू दे. इथे फक्त माल साठवत नाहीत, इथे माणसेही राहतात, एवढे त्या नावावरून कळले तरी खूप झाले.

जादूगार सांगूनसवरून फसवतो, म्हणूनच लोक त्याला टाळ्या देतात. पेटी रिकामी नसते, दोरी कापलेली नसते, हे सर्वांना ठाऊक असते. अशा प्रयोगात एक गोष्ट तरी खरी असावी : समोर उभा असलेला माणूस कोण आणि कुठला. तेवढे खरे ठेवले, तर बाकीचे सारे खोटे लोक आनंदाने मान्य करतात.