पोथी कोणाच्या हाती?

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. त्या ख्रिस्ती का झाल्या? शंभराहून अधिक वर्षे आपण हा प्रश्न उगाळतो आहोत. कोणी त्यांना दोष देतो, कोणी त्यांची बाजू घेतो. पण ख्रिस्ती झाल्यानंतर लगेचच रमाबाईंचे कोणाशी वाजले, हे फारसे कोणी विचारत नाही. तो वाद हिंदू शास्त्री-पंडितांशी नव्हता. ज्यांच्या आश्रयाने त्यांचा बाप्तिस्मा झाला, ज्यांनी त्यांना आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीला मायेने सांभाळले, त्या इंग्रज ख्रिस्ती भगिनींशीच तो वाद होता. आणि माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्यातला तो सर्वांत बोलका वाद आहे.

तो आपल्याला ठाऊक आहे याचे कारण म्हणजे त्या काळची पत्रे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल; तो उघडून वाचणारे थोडे. वाचायला घेतला तर मात्र खाली ठेववत नाही. कारण त्यात दोन बायका धर्मावर भांडतात, आणि दोघींचेही एकमेकींवर मनापासून प्रेम आहे.

थोडा मागचा संदर्भ सांगायला हवा. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी असा मनसुबा होता. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो तडीस गेला नाही. वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. या संघाचे पुण्यातही काम होते, त्यामुळे ओळख आधीचीच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इतर विषय शिकू लागल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांतून त्यांना चक्क ‘आजीबाई’ म्हणत.

या आजीबाईंशी खटका उडाला तो श्रद्धेच्या कलमांवरून. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा एक मतांगीकार आहे. देव एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य कसे, हे त्यात बारकाव्याने मांडलेले आहे. आणि हे जो संपूर्ण मानणार नाही त्याला तारण नाही, अशी सक्त ताकीदही आहे. रमाबाई म्हणाल्या, मी ख्रिस्ताला मानते, त्याचा उपदेश मानते, पण ही कलमे या शब्दांत मला बायबलमध्ये सापडत नाहीत. मग ती मी का मानावीत? चर्च सांगते म्हणून? आणि चर्च म्हणजे नेमके कोण? एकट्या इंग्लंडातच त्यांना नाना पंथ दिसत होते. प्रत्येकाचे बायबल तेच, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. यातल्या कोणाचा शब्द अखेरचा धरायचा, हा त्यांचा साधा सवाल होता.

१८८५ च्या मे महिन्यातल्या एका पत्रात त्यांनी आपली भूमिका स्वच्छ मांडली आहे. आशय असा, की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मी नुकतेच मानेवरून उतरवले आहे. दुसरे तसलेच जोखड मी चढवून घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, तिचा कौल मला घ्यायचा आहे. हे लिहिणारी बाई सत्तावीस वर्षांची होती. परक्या देशात, विधवा, पदरी लहान मूल, आणि ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांच्याच आधाराने राहणारी. ही परिस्थिती डोळ्यांपुढे आणली म्हणजे त्या वाक्यांचे वजन कळते.

वाद केवळ त्रैक्यावर थांबला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशबांधवांनाही येत नाही. क्रुसावर संस्कृत शब्द का नकोत? ब्राह्मणांना जसा संस्कृताचा अभिमान, तसाच तुम्हाला लॅटिनचा आहे काय? पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाई संतापल्या. माझ्या वडिलांनी की नवऱ्याने कधी मला पुरुषांना शिकवू नको म्हटले नाही, मग हे इंग्रज कोण सांगणार? अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवण्यासाठी काय सोसले, हे ठाऊक असणाऱ्याला या रागाचे मूळ कळेल.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, की एका बाजूला बुद्धीचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला आडमुठे चर्च. पण पत्रे नीट वाचली तर प्रकरण इतके सोपे राहत नाही. जेराल्डाइनबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे. त्यांचा सूर असा, की श्रद्धा ही एकट्याने आपल्या मतीने जुळवायची गोष्ट नाही. अठराशे वर्षे पिढ्यान् पिढ्या जो विश्वास माणसांनी जपला, त्याच्यापुढे कालच आलेल्या व्यक्तीने थोडे नम्र व्हावे. प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा म्हटले तर मंडळी म्हणून काय उरेल? शेवटी बायबल म्हणजे आकाशातून पडलेली पोथी नव्हे. कोणती पुस्तके त्यात घ्यायची आणि कोणती नाही, हेही प्राचीन मंडळीनेच ठरवले. ग्रंथ हवा आणि तो जपणारी परंपरा नको, असे म्हणता येईल काय?

या बाजूने उभा राहिलेला एक मराठी माणूस त्याच काळात होता. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे या नावाने ओळखले जाऊ लागले. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यामागे त्यांच्या पत्राचाही वाटा होता. हा माणूस षड्दर्शने कोळून प्यायलेला, वादात भल्याभल्यांना न आवरणारा. पण स्वतःच्या मनातल्या शंकांनी तो आयुष्यभर पोळला. सुरुवातीला ते ज्या मिशनकडून आले, तिथे भर वैयक्तिक विश्वासावर होता. पुढे ते चर्चची परंपरा, संस्कार आणि अधिकार मानणाऱ्या पंथाकडे वळले. इंग्लंडात जाऊन मठात उमेदवार म्हणून राहून आले. ज्याची बुद्धी स्वतःलाच स्वस्थ बसू देत नाही, त्याला चर्चचा अधिकार ओझे वाटत नाही, उन्हातली सावली वाटते. रमाबाईंच्या प्रश्नांना मान देताना गोऱ्ह्यांची ही गरज हसण्यावारी नेऊ नये.

मराठी वाचकाला यातले काहीच परके वाटू नये. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा प्रश्न तोच होता. नाथांच्या भागवताला काशीच्या पंडितांपुढे परीक्षा द्यावी लागली, अशी कथा आपण ऐकत आलो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, त्याही याच प्रश्नापायी. आणि वाँटेजच्या भगिनीसंघाचे पुण्यातले काम ज्या पंचहौद मिशनच्या आवारात चाले, तिथेच १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी चहाच्या कपावरून अडचणीत आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न एकाच आवारात, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, दोन्ही धर्मांच्या माणसांना छळत होता.

मग रमाबाईंनी काय केले? त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही आणि मान तुकवूनही घेतली नाही. १८८६ साली आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. १८९१ च्या सुमारास त्यांच्या आयुष्यात एक पालट झाला. त्यांनीच पुढे लिहिले आहे, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आता मिळाला. जी मते त्यांनी वाँटेजला नाकारली होती, त्यांतली बरीच त्यांनी पुढे स्वीकारली. पण कोणी दटावले म्हणून नव्हे. स्वतः वाचून, स्वतः झगडून. मला यात आजीबाईंचा विजय दिसत नाही आणि पराभवही दिसत नाही. उत्तर एकच असले तरी ते कोणत्या वाटेने आले याला महत्त्व असते.

त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले, त्यात या सगळ्या वादाचे सार आहे. बायबलचा अर्थ कोणी सांगायचा यावर भांडत बसण्याऐवजी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणले. तेव्हा प्रचलित असलेले भाषांतर त्यांना जड वाटे. दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. कित्येक वर्षे हे काम चालले. आणि छापले कोणी? मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या बायकांनीच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. काम तोवर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते बायबल संपूर्ण छापून निघाले. उपासनेत नित्य वाचण्यासाठी मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, हे खरे. पण मूळ भाषांतून बायबलचा अनुवाद करायला एक बाई बसते आणि त्याचे खिळे बायकाच जुळवतात, हे त्या काळच्या जगात कुठेही विरळाच होते.

रमाबाईंना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. एक प्रश्न त्यांनाही विचारायलाच हवा. शारदा सदनातल्या मुलींना त्यांच्या प्रार्थनेला बसायची मोकळीक होती. त्यावरून १८९३ साली वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे मुक्तीत आलेल्या दुष्काळग्रस्त पोरींच्या जेवणाखाण्याची, निवाऱ्याची, शिक्षणाची सारी सूत्रे रमाबाईंच्या हाती होती. ज्या सदसद्विवेकबुद्धीचा हक्क त्यांनी वाँटेजला ठणकावून मागितला, तो उपाशीपोटी आलेल्या पोरीला कितपत बजावता आला असेल? अधिकाराशी भांडणारा माणूस एक दिवस स्वतःच अधिकारी होतो, आणि मग त्याची खरी परीक्षा लागते. ही परीक्षा मिशनऱ्यांना आहे, महाराजांना आहे, आणि घरातल्या कर्त्या माणसालाही आहे.

अशीच कोंडी रेव्हरंड टिळकांनाही जाणवली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार मागे पडला. पण प्रश्न उरला. आपल्याच पिढीत वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ते कॅथलिक धर्मगुरू असताना. २०२४ साली ते निवर्तले. ज्या चर्चने सोळाव्या शतकात लोकभाषेतल्या बायबलकडे संशयाने पाहिले, त्याच चर्चचा धर्मगुरू चारशे वर्षांनी ते घराघरांत पोचवण्यासाठी झटतो. परंपरा जिवंत असली की बदलते, आणि तिला बदलायला आतलीच माणसे लागतात.

म्हणून धर्मातल्या वादांना मी घाबरत नाही. वाद घालणारा माणूस त्या धर्माचा शत्रू आहे, हे मला पटत नाही. ज्याला घर सोडायचे असते तो भिंतींच्या डागडुजीवर डोके पिकवत नाही. आपल्या घरातही जेव्हा एखादी मुलगी विचारते, की हे व्रत का, ही शिवाशिव का, हा अर्थ कोणी ठरवला, तेव्हा ‘आधी कर, मग विचार’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तिला गप्प करणे सोपे असते. तिच्या हाती पोथी देऊन ‘वाच, आणि काय सापडले ते सांग’ म्हणायला छाती लागते. तिने वाचून निराळा अर्थ लावला तर तो ऐकून घ्यायला त्याहून मोठी छाती लागते.

आणि वाद तुटेपर्यंत ताणायचा नसतो, हे आजीबाईंकडून शिकावे. रमाबाईंचा अहंकार त्यांना खुपला, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. तरीही दोघींची पत्रे पुढे अनेक वर्षे चालूच राहिली. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांचे म्हणणे खोडून काढले होते, ती फाडून टाकणे त्यांच्या हाती होते. त्यांनी ती जपली, संगतवार लावली. आज रमाबाईंचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो, तो न पटलेल्या बाजूने जपला म्हणून.