सहा आठवडे मासे आणू नका

गप्पी आणि गोल्डफिशवर हात बसला की पुढची मागणी ठरलेली असते. आता खाऱ्या पाण्याची टाकी हवी, आणि तीत तो केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा. 2003 साली आलेल्या ‘फाइंडिंग नेमो’नं क्लाउनफिश पोरांच्या ओळखीचा केला. त्या पोरांतली काही आता कमावती झाली आहेत, इंदापूर-बारामतीत घरं बांधताहेत आणि दिवाणखान्याच्या भिंतीत टाकीसाठी आधीच कोनाडा सोडताहेत. या सदरात आजवर गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल लिहिलं. खाऱ्याबद्दल लिहायची वेळ आता आली आहे, कारण या छंदात घाईचं मोल माशाला जिवानं चुकवावं लागतं.

समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, भीमेच्या काठी, अशी टाकी उत्तम चालू शकते. मात्र टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणाऱ्या दुकानातून काहीही घेऊ नका. टाकी भरल्यावर सहा आठवडे तीत एकही मासा पडता कामा नये. तेवढा धीर घरात नसेल तर गोड्या पाण्याची टाकीच बरी.

आधी पाणी. आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘आमच्या बोअरचं पाणी तसंही खारटच आहे, त्यातच थोडं मीठ टाकू.’ हे चालत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड सर्वांत जास्त, हे खरं. पण सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम, साधारण 0.4 ग्रॅम कॅल्शियम आणि जवळपास तितकंच पोटॅशियमही असतं. मासा या सगळ्या मेळात जगतो. हरियाणात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर कोळंबीची शेती होते. तिथल्या पाण्यात खारटपणा पुरेसा असूनही पोटॅशियम कमी पडतं, म्हणून शेतकऱ्यांना तळ्यात पोटॅश टाकावं लागतं. स्वयंपाकाच्या मिठातही हा मेळ नाही. खडेमीठ मिठागरात तयार होताना बरंचसं मॅग्नेशियम मागे उरलेल्या पाण्यात राहून जातं. म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम बनवलेलं सागरी मीठच घ्यायचं आणि ते आरओच्या पाण्यात मिसळायचं. बोअरचं किंवा नळाचं पाणी त्यात नको. गावातल्या जारचं पाणी घेणार असाल तर टीडीएस मीटर लावून बघा. चवीसाठी त्यात थोडे क्षार राखलेले असतात. टाकीला शून्याच्या जवळचं पाणी लागतं.

कोकणातून कॅन भरून पाणी आणण्याचा सल्लाही मिळतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांच्या लोंढ्यानं पातळ होतं. शिवाय बंदराजवळच्या पाण्यात डिझेल किती आणि सांडपाणी किती हे डोळ्यांना दिसत नाही. तो नाद सोडा.

सुरुवातीला तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्यावी. वरची जागा सोडली तर तीत 170 लिटरच्या आसपास पाणी बसतं आणि मीठ सहा किलोच्या वर लागतं. लहान टाकी स्वस्त पडते, पण तिच्यातलं पाणी बिघडायला एक दुपार पुरते. पाण्याचंच वजन 170 किलो, वर काच आणि दगड, त्यामुळे खाली लोखंडी स्टँड हवा. प्लायवूडच्या शोकेसवर ही टाकी ठेवू नका. मीठ कालवायचं ते टाकीबाहेर, स्वच्छ ड्रममध्ये. आधी पाणी भरा, त्यात पंप सोडा आणि मग मीठ थोडं थोडं घाला. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे माशाच्या कामाचं कॅल्शियम, आणि ते पुन्हा विरघळत नाही. पाणी रात्रभर फिरू द्या. सकाळी ते काचेसारखं नितळ दिसलं की रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघा. विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की पाणी तयार.

हे पाणी तयार करण्यापेक्षा टिकवणं अवघड, आणि इंदापूरच्या माणसाला त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. उसाला पाटानं वर्षानुवर्षं पाणी देत राहिलं की पाणी उन्हानं उडून जातं, क्षार वर राहतात आणि एक दिवस वावरावर पांढरा थर दिसू लागतो. टाकीत हेच घडतं, फक्त वर्षांऐवजी दिवसांत. मे महिन्यात, पंखा लावलेल्या अशा टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. आठवडाभर कोणी लक्ष दिलं नाही तर चौदा लिटर गेलं, मीठ मात्र सगळं आतच, म्हणजे 35 ची क्षारता 38 वर पोचली. म्हणून काचेवर बाहेरून पातळीची खूण करा आणि खूण उघडी पडली की रोज साधं आरओ पाणी घाला. इथं बरेच जण चुकतात आणि मिठाचं पाणी घालतात. मीठ घालायचं ते फक्त पाणी बदलताना.

याच उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. मुंबईच्या दमट हवेत टाकीवर पंखा लावून फारसं काही साधत नाही. आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून ज्या कारणानं कूलर खोली थंड करतो त्याच कारणानं पाण्यावरून आडवा फिरणारा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. क्लाउनफिशला 25 ते 28 अंश मानवतं. बाहेर बेचाळीस असताना टाकी पश्चिमेच्या भिंतीला ठेवली असेल तर मात्र पंखा पुरणार नाही. घर बांधतानाच तो कोनाडा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत काढा. नाहीतर चिलर घ्यावा लागेल, आणि त्याची किंमत टाकीपेक्षा जास्त असते.

आता त्या सहा आठवड्यांबद्दल, कारण बहुतेक मासे मरतात ते इथं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. समुद्री टाकीचा सामू 8.2 च्या आसपास असतो आणि या सामूला अमोनियाचा विषारी हिस्सा सामू 7 च्या पाण्यापेक्षा दहा पटींहून अधिक असतो. गोड्या पाण्यातली गोल्डफिश कशीबशी तग धरते तेवढा अमोनिया इथं जीव घेतो. त्याचा निकाल लावणारे जिवाणू दोन प्रकारचे असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट घातकच, नायट्रेट मात्र थोडंफार चालतं. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, पण सावकाश, आणि त्यांना अन्न मिळालं तरच.

त्यासाठी मासा बळी द्यायची गरज नाही. कल्हईवाला ज्या नवसागरानं भांडं उजळतो, ते अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, तो नको. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात तेच शुद्ध मिळतं. 170 लिटरला एक ग्रॅम टाकलं की लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होतो. मग दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या परीक्षानळ्या घेऊन बसायचं. अमोनियाच्या नळीत पहिल्या दिवशी गडद हिरवा रंग येतो. पहिले काही दिवस तो हलत नाही आणि घरातले विचारतात की नुसतं पाणी कशाला सांभाळताय. मग हिरवा फिकट होत होत पिवळ्यावर येतो, तेव्हा नायट्राइटची नळी जांभळी झालेली असते. हा जांभळा हटता हटत नाही, आणि याच टप्प्यावर धीर सुटतो. एके दिवशी तीही निळी निघते. मग पुन्हा एक ग्रॅम टाका. चोवीस तासांनी एक नळी पिवळी आणि दुसरी निळी आली, तर टाकी तयार. निम्मं पाणी बदला आणि मग माशाचा विचार करा. याला सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. मला या छंदात सगळ्यांत आवडणारा काळ हाच, कारण डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती उभी राहताना रंगांवरून कळत जाते.

दगडांबद्दल सावध राहा. परदेशी व्हिडिओत समुद्रातून काढलेले ‘लाइव्ह रॉक’ आणि प्रवाळ सर्रास दिसतात. आपल्याकडे दगड बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही बाळगता येत नाही. दुकानदार ‘सगळे ठेवतात’ म्हणाला तरी घेऊ नका. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी कारण उरतंच, एक दगड निघतो तेव्हा त्यावर जगणारं सगळंच निघतं. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, ते जिवाणूंना पुरतात.

आणि मासा? दोन क्लाउनफिश, बस्स. समुद्री मत्स्यालयात विकले जाणारे बहुतेक मासे आजही समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात ते पकडण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारलं गेलं आहे. क्लाउनफिश मात्र हॅचरीत पैदा होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रात त्याची पैदास बसवली. आपल्या राज्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननं राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं हॅचरी सुरू केली. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना त्यातून मिळकत व्हावी हा हेतू. असा मासा घेतला तर आपला पैसा समुद्र ओरबाडणाऱ्याकडे जात नाही, मासाही टाकीत जन्मलेला असल्यानं दाण्यावर लगेच तोंड टाकतो. ‘डोरी’ म्हणून विकला जाणारा निळा टँग मात्र घेऊ नका. तो वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला आपल्या टाकीच्या कितीतरी पट जागा लागते.

दोन पिल्लं एकत्र आणा, एक किंचित मोठं. क्लाउनफिश जन्मतः नरच असतात. दोघांतलं वरचढ पुढं मादी होतं आणि दुसरं नर राहतं. पहिल्या दिवसांत धाकटं थोरल्यासमोर आडवं होऊन अंग थरथरवतं. बघणाऱ्याला वाटतं मासा आजारी पडला. ती शरणागती असते, आणि ती दिसली की जोडी जमली म्हणायची. समुद्रात हा मासा ज्यात राहतो त्या समुद्रफुलाची गरज नाही, ही जोडी एखाद्या दगडाचा कोपरा पकडून वर्षानुवर्षं राहते. नीट सांभाळली तर दहा वर्षांहून अधिक.

वीज जाणार हे धरूनच चला. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शानं कमी ऑक्सिजन मावतो, तापलेल्या पाण्यात आणखी कमी. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जोडलेला हवा, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरची एक तार टाकीच्या पंपाला द्या. दिव्याला नको, पंपालाच.

बदलायचं पाणी आठवड्याला दहावा हिस्सा. काढलेलं खारं पाणी परसातल्या झाडांना घालू नका, मोरीत सोडा.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरला येते तेव्हा घर वारकऱ्यांनी आणि पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि टाकीसमोरून जाणारं प्रत्येक लेकरू चिमूटभर खाद्य टाकून बघतं. खाद्याचा डबा त्या दिवसांत कपाटात कुलूपबंद ठेवा. रोजच्या वाट्याच्या पुड्या आधीच बांधून घरातल्या एकाच माणसाकडे द्या, आणि पातळीच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं कामही त्याच्याचकडे सोपवा.