घरची शाळा : ध्येय आणि मुदत

दोन महिन्यांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातील वहिनी एक कागद घेऊन आल्या. त्यांचा नातू नऊ वर्षांचा. त्याच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मंद आहे. "गुरुजी, सूनबाईने शाळेत सही करून दिली, पण घरात एकालाही याचा अर्थ लागत नाही," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला.

कागद वैयक्तिक शिक्षण योजनेचा होता. अशा बालकास इयत्तेचा ठराविक अभ्यासक्रम पुरत नाही. म्हणून त्या एकट्या मुलाला आज काय येते आणि अमुक मुदतीत काय यावे, हे शिक्षक व पालक यांनी एकत्र बसून लिहावयाचे असते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने ही रीत बंधनकारक झाली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, निदान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्यही सांगितले. तेव्हा ही योजना म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे.

परंतु कागदावरची ध्येये वाचून मी ओशाळलो. 'भाषाविकास साधणे', 'स्वावलंबन वाढविणे', 'सामाजिक कौशल्ये रुजविणे' – शब्द मोठे भारदस्त! असेच शब्द मीही पुष्कळ वर्षे लिहिले आहेत. माझ्या वर्गात असाच एक मुलगा शेवटच्या बाकावर बसे. दर सहामाहीस मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'सुधारणेस वाव आहे' असे लिही आणि त्याचे वडील मुकाट्याने सही करीत. कसली सुधारणा, किती, केव्हापर्यंत, हे त्यांनी विचारले नाही व मीही सांगितले नाही. चार वर्षांनी तो शाळा सोडून गेला, तेव्हा त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. तो दोष सर्वस्वी माझा होता.

पंचतंत्रातील विष्णुशर्म्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते राजपुत्र या बालकांसारखे नव्हते, हे खरे. तथापि त्या वृद्ध ब्राह्मणाने राजाला नुसते 'प्रयत्न करतो' असे सांगितले नाही. काय शिकवीन ते सांगितले आणि सहा महिन्यांची मुदत स्वतःच घातली. मुदत असली म्हणजे जाब विचारता येतो. ध्येय आणि सदिच्छा यांतील भेद एवढाच.

मी सूनबाईंना बोलावून विचारले, "मुली, तुला रात्री कशाची काळजी वाटते?" थोडा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, मागच्या पावसाळ्यात तो घरातून निघाला आणि दोन तासांनी अडाणच्या काठी सापडला. घरात विचारले तर नाव सांगतो. परक्यासमोर मात्र तोंड उघडत नाही. त्याला आपले नाव आणि गाव सांगता आले, तरी पुरे." शाळेतल्या बैठकीत हे त्या बोलल्या नव्हत्या. "तिथे सगळी शिकलेली माणसे, मी काय सांगणार?"

वाचकहो, शिक्षकाला शास्त्र ठाऊक असते. पण नदीकाठचे ते दोन तास फक्त आईलाच ठाऊक असतात. ते कागदावर आले पाहिजेत. आम्ही ध्येय असे लिहिले : 'घराबाहेरच्या माणसाने विचारले असता, कोणी न सुचविता, स्वतःचे नाव व गाव सांगणे, पाच वेळांपैकी चार वेळा, दिवाळीपर्यंत.' हे साधले की नाही, याविषयी आजी, काका आणि शिक्षक यांच्यात मतभेद होऊ शकत नाही. ध्येयाची हीच कसोटी. शिक्षकांनीही ते आनंदाने मान्य केले आणि त्याच्या पायऱ्या पाडून दिल्या : आधी शेजारच्या काकू, मग किराणा दुकानदार, मग अनोळखी पाहुणा. आपल्या देशात विशेष शाळांतून वापरल्या जाणाऱ्या मद्रास पद्धतीच्या तपासणीपत्रकात १८ क्षेत्रांत प्रत्येकी २० अशी ३६० लहान कौशल्ये मांडलेली आहेत. पायरी किती लहान असू शकते, हे त्यावरून ध्यानात येईल.

आजोबांना मात्र नातवाने स्तोत्रे म्हणावीत असे वाटे. ती इच्छा टाकून देण्याचे कारण नाही; ती पुढच्या वर्षीच्या पायरीवर ठेवावी, इतकेच.

एकत्र कुटुंबात एक अडचण विशेष असते, ती मायेची. कोणी नाव विचारले की मूल बोलण्याआधी चार मुखांतून उत्तर निघते. घास भरविणारे हात पुष्कळ, म्हणून त्याचा हात ताटाकडे जात नाही. यासाठी घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा : विचारावे, मनात दहा अंक मोजावे, आणि तोपर्यंत गप्प राहावे. भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज खूण करावी. मुदत संपली आणि ध्येय साधले नाही, तर मुलास बोल लावू नये. पायरी उंच झाली असे समजून ती मोडून दोन कराव्यात.

परवा त्या मुलाने दुकानदाराला आपले नाव सांगितले. 'बोरी' अद्याप ओठांवर येत नाही. दिवाळीला अवकाश आहे.

पुढल्या वेळी असा कागद सहीसाठी समोर आला, म्हणजे लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्येक ओळीस तीन प्रश्न विचारा : काय, किती आणि केव्हापर्यंत? उत्तर मिळेतो सही करू नका.