विमानतळ नंतर बघू, आधी विमानतळाला वेळेवर पोचवणारी गाडी द्या

पोस्ट थोडी मोठी आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसांच्या कामाची आहे. वेळ काढून वाचा.

गावात चार जण बसले की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आता रेल्वेने कोण जातं भाऊ, विमानच परवडतं." त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "नंदुरबारलाही विमानतळ पाहिजे." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्या मागणीशी मी सध्या तरी सहमत नाही. का, ते सांगतो.

मोबाईलवर विमानाचं तिकीट बघताना फक्त हवेतला वेळ आणि हवेतले पैसे दिसतात. कोरीटच्या माणसाचा प्रवास मात्र कोरीटपासून सुरू होतो. आधी रिक्षा किंवा मोटरसायकलने नंदुरबार, मग एकीकडे सुरत, नाहीतर दुसरीकडे जळगाव. उधना-जळगाव हा मार्ग साधारण ३०० किलोमीटरचा आणि आपलं स्टेशन त्याच्या जवळपास मधोमध. दोन टोकांना दोन विमानतळ, आणि आपण दोन्हींपासून सारखेच लांब.

आता हिशोब घरापासून करा.

मुंबईला जायचंय. त्यासाठी जळगावचं विमान धरायचं म्हणजे आधी तीनेक तास उलट्या दिशेला जायचं, विमानतळावर थांबायचं, मग उडायचं. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीत झोपलं की उजाडेपर्यंत मुंबई. इथे विमानाचा प्रश्नच येत नाही.

दिल्लीला जायचंय. सुरतेहून विमान पावणेदोन-दोन तासांचं. पण सुरतेपर्यंतची गाडी, ती लेट होईल म्हणून हाताशी ठेवलेला वेळ, उधना ते विमानतळ रिक्षा, दोन तास आधी हजेरी, हे सगळं धरलं तर अख्खा दिवस जातो. राजधानी संध्याकाळी सुरत सोडते आणि सकाळी दिल्लीत उतरवते. एकात दिवस जातो, दुसऱ्यात रात्र. तातडीचं आजारपण असेल तर विमान, नाहीतर रेल्वेच बरी.

हैदराबाद, बेंगळुरूची गोष्ट मात्र वेगळी. माझा पुतण्या हैदराबादला नोकरीला आहे. रेल्वेने यायचं तर गाडी बदला, रात्र काढा, चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस रुळावरच. अशा माणसाला विमानाचे पैसे जास्त वाटत नाहीत, आणि वाटूही नयेत.

म्हणून माझा साधा नियम: एका रात्रीत पोचता येत असेल तर रेल्वे, त्याहून लांब असेल तर विमान. पण विमान घेतलं तरी विमानतळापर्यंत आपल्याला रेल्वेच नेणार आहे. खरी अडचण तिथेच आहे.

विमानतळ बांधला की विमान येतंच असं नाही. जळगावचं बघा. २०१२ मध्ये उद्घाटन झालं. नियमित विमानासाठी उडान योजनेची वाट बघावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, बंद पडली. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही थांबली. २०२४ मध्ये पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई सुरू झालं. या योजनेत कंपनीला तीन वर्षं तूट भरून मिळते, पुढे प्रवासी मिळाले तरच विमान टिकतं. धुळ्याजवळ गोंदूरला तर धावपट्टी कधीची आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही. जळगावसारख्या व्यापारी शहराची ही गत, तर आपल्याकडे रोज सत्तर माणसं विमानात बसणार कुठून?

याउलट तापीकाठची रेल्वे १९०० च्या सुमारास आली आणि आजही आहे. दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झालं, वीजही आली. मालगाड्या धडाधड जातात. पण आपल्या कामाच्या गाड्या किती? खान्देश एक्सप्रेस आठवड्यातून तीनच दिवस. लांबच्या गाड्या सुरतेहूनच भरून येतात, नंदुरबारच्या माणसाला वेटिंगच.

आणखी एक मुद्दा. रेल्वेच्या दोन तिकिटांचे पीएनआर जोडलेले असतील आणि पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली, तर उरलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. गाडी लेट होऊन विमान चुकलं तर? गेले पैसे. पोराचा इंटरव्ह्यू असेल तर तोही गेला. चेन्नईला विमानतळासमोरच तिरुसुलम स्टेशन आहे. लोकलमधून उतरायचं, रस्ता ओलांडायचा. आपल्याला तेवढंही नको.

मागण्या साध्या आहेत:

१. खान्देश एक्सप्रेस रोज करा.
२. सकाळी सुरत आणि जळगाव दोन्हीकडे वेळ पाळणारी गाडी द्या, संध्याकाळी परतीची.
३. उधना स्टेशन ते सुरत विमानतळ आणि जळगाव स्टेशन ते कुसुंबा विमानतळ, अशा गाडी-विमानाच्या वेळा बघून सुटणाऱ्या बस द्या.
४. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो धुळे-नरडाणा असा येतोय आणि नरडाणा आपल्याच मार्गावर आहे. मनमाड-नरडाणा हा भाग आधी पूर्ण करा. मग नाशिक-पुण्याला जायला जळगावचा वळसा पडणार नाही.
५. रात्री नंदुरबारला उतरणाऱ्यांसाठी खेड्यांकडे शेवटची बस गाडीच्या वेळेवर सोडा.

पाचवी मागणी छोटी वाटेल. पण सुरतेहून पेशंट घेऊन रात्री उतरलेल्या बाईला विचारा, तिच्यासाठी सगळ्यात लांबचं अंतर स्टेशन ते गाव हेच असतं. गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, सुरतेला कामाला असलेली पोरं, दवाखान्याच्या फेऱ्या मारणारे म्हातारे, यातले बहुतेक जण विमानात कधीच बसणार नाहीत. वरच्या मागण्यांचा फायदा त्यांनाही होतो आणि माझ्या पुतण्यालाही. विमानतळाचा फायदा फक्त पुतण्याला, तोही विमान टिकलं तर.

पुढच्या वेळी कुणी पुढारी मत मागायला आला आणि विमानतळाचं गाजर दाखवू लागला, तर एवढंच विचारा, "साहेब, खान्देश एक्सप्रेस रोजची कधी होणार?"

तुमच्या गावाचा अनुभव काय, कमेंटमध्ये जरूर लिहा. गाडीची वेळ, तारीख, किती लेट, हेही लिहा. निवेदन द्यायचं तर हातात पुरावा पाहिजे.